फोस्कींचा खांब

१

दुपारचे जेवण झाले की मी दुकानामागच्या खोलीत जातो, खिडकीच्या झडपा लावून घेतो आणि सूर्य कागदावर घेतो. कित्येक वर्षांचा हा नेम आहे. झडपेला एक भोक, भोकातून दुर्बिणीची नळी, नळीच्या मागे फळीवर ताणून बसवलेला पांढरा कागद. अंधारात त्या कागदावर बशीएवढा सूर्य उतरतो. त्याच्यावरचे डाग शिशाच्या कांडीने गिरवायचे, वर तारीख घालायची आणि दुकानात परत येऊन लोकांच्या पोटदुखीच्या पुड्या बांधायच्या. यात मोठेपणा काही नाही. डोळा शाबूत असला, हात स्थिर असला आणि जे दिसत नाही ते न काढण्याइतका प्रामाणिकपणा असला की कोणालाही जमते. दोत्तोरे लात्तांझिओ फोस्कींना ते आयुष्यात जमले नाही.

आमच्या बोलोन्यात फोस्की ठाऊक नाहीत असे घर नसेल. बाप कज्जेदलाल. मुलगा पादुआला शिकायला गेला आणि परत आला तो एक कातडी मढवलेली नळी आणि भलेमोठे नाक घेऊन. नाक आधीचेच होते, पण पादुआहून आल्यावर ते जास्त वर असायचे. पहिल्याच वर्षी त्यांनी शुक्राला शेपटी असल्याचे जाहीर केले आणि ती शेपटी एका ड्यूकला अर्पण केली. मग चंद्रावर धूर दिसला. तो एका बिशपच्या वाट्याला गेला. ती शेपटी दुसऱ्या कोणालाही दिसली नाही, धुराचा वास कोणालाही आला नाही. रोमहून, प्रागहून विद्वानांनी लिहून लिहून हात दुखवून घेतले. फोस्कींनी एक अक्षर मागे घेतले नाही. चूक कबूल करायला माणसाच्या मानेत जो एक सांधा लागतो, तो त्यांच्या मानेत घातलाच नव्हता.

माझ्याबद्दल ते एकदा भर चौकात म्हणाले होते, "ज्याला लॅटिन येत नाही त्यानं आकाशाकडे बघून काय उपयोग? आकाश त्याला सांगणार काय, आणि कुठल्या भाषेत?" लोक खूप हसले. मी मनात काही ठेवत नाही. फक्त माझी स्मरणशक्ती चांगली आहे.

तर अशा माणसाला शहराच्या सेनेटने कालव्याकाठचा जुना मनोरा राहायला दिलेला. चारी दिशांना खिडक्या, वर गच्ची, आसपास त्याहून उंच काही नाही. माझ्या खोलीतून सूर्य थोडा वेळ दिसतो आणि मग शेजारच्या रंगाऱ्याच्या छपरामागे जातो. त्या मनोऱ्यातून तो मावळेपर्यंत दिसतो. मनोऱ्याकडे पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटायचे, हे मी लपवत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला फोस्कींनी नवा शोध लावला. सूर्यावर एक उभा खांब आहे म्हणे. इतर डाग सूर्याबरोबर फिरतात, एका कडेने येतात, दुसऱ्या कडेने जातात. हा मात्र मधोमध उभा. या वेळी अर्पणाचा मान एका कार्डिनलला मिळणार होता. सेनेट वैतागली. तिने दोन साक्षीदार नेमले: कॉलेजात गणित शिकवणारे पाद्रे अम्ब्रोजो, आणि मी.

पाद्रे दुकानात आले, खोकल्याची बाटली हुंगून पाहिली आणि म्हणाले, "या वेळी शोध खोटा ठरला तर फोस्कींना भर सभेत माघार घ्यावी लागेल आणि मनोरा सोडावा लागेल. मग रिकामा मनोरा कबुतरांना द्यायचा की तुम्हाला, एवढाच प्रश्न उरतो, मेस्सेर ताद्देओ."

"कबुतरांचं काय म्हणणं आहे?" मी विचारले.

"त्यांनाही लॅटिन येत नाही," पाद्रे म्हणाले.

२

दार फोस्कींच्या बहिणीने, ओर्सिनाने उघडले. आम्ही एकाच गल्लीत वाढलो. ती माझ्याहून मोठी, आणि लहानपणी तिने मला कालव्यात ढकलले होते, त्यामुळे ती मला मेस्सेर वगैरे म्हणत नाही.

"आलास? म्हातारा वर सूर्याची मानगूट धरून बसलाय. त्याला खोटं ठरवायला आलास ना? मग आधी जेवून घे. उपाशीपोटी माणूस नीट खोटंसुद्धा ठरवू शकत नाही."

"बाई, आम्ही सत्य शोधायला आलोय," पाद्रे म्हणाले.

"मग तर दोनदा जेवा. वेळ लागेल."

वरची खोली अंधारी होती. पश्चिमेच्या खिडकीच्या झडपा घट्ट लावलेल्या, भोकातून नळी आत आलेली. भिंतीला दोरी बांधून तिच्यावर कागदच कागद, वाळत घातल्यासारखे. फोस्की वाळलेल्या मुळ्यासारखे झाले होते. सूर्याने त्यांचा डावा डोळा कधीच खाल्ला होता. त्याच्यावर दुधाची साय आल्यासारखी दिसायची.

"या, औषधवाले," ते म्हणाले. "पाद्रे, यांना कशाला आणलंत? सूर्याला जुलाब होत नाहीत."

"सूर्याला नाही होत, दोत्तोरे. तुमच्या शोधांना होतात. थांबतच नाहीत."

कागदावर सूर्य पडला होता. एका कोपऱ्यात मिरपूड सांडावी तसे नेहमीचे डाग. आणि अगदी मधोमध एक बारीक काळी रेघ, जिऱ्याचा दाणा कोणी उभा करून ठेवावा तशी.

माझ्या मनात आले: भिंगातला कचरा. बस. इतक्या वर्षांची विद्वत्ता आणि पुसायचे फडके घरात नाही. भिंगातला डाग ओळखायची रीत सोपी आहे. नळी तिच्या जागीच गोल फिरवायची. डाग भिंगात असेल तर तोही तिच्याबरोबर गोल फिरतो. मी नळी फिरवली. जिऱ्याचा दाणा जागचा हलला नाही.

"फिरवा, फिरवा," फोस्की म्हणाले. "पिठाची चक्की समजा."

मग मी डोळ्याकडचे भिंग काढले. जुन्या तऱ्हेचे, खोलगट, आणि चरेच चरे पडलेले. "हे भिंग आहे की बशीचा तळ?" असे म्हणून मी माझ्या खिशातले बसवले. माझे फुगीर भिंग मी स्वतः घासलेले आहे, आणि त्यात चरा दाखवणाऱ्याला मी दुकानातला काय हवा तो अर्क फुकट देईन. सूर्य स्वच्छ झाला. मिरपुडीचा कण अन् कण वेगळा दिसू लागला. मधला दाणाही आणखी स्पष्ट झाला. वर एक गाठ असावी आणि खाली टोक दुभंगलेले असावे, असे वाटले. की गाठ खाली होती? इतक्या बारीक गोष्टीत डोळा काहीही दाखवतो.

पाद्र्यांनी झडप किलकिली करून बाहेर पाहिले. पश्चिमेला छपरे, त्यांच्यापलीकडे तागाची शेते, वर मोकळे आकाश. सूर्याच्या आसपास ना क्रूस, ना काठी, ना पतंग.

"भिंग राहू द्या तुमच्याकडे," मी फोस्कींना म्हटले. देणारा माणूस उंच होतो. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

ते गिरवत बसले. गिरवून झाल्यावर त्यांनी कागद काढला, अर्धा फिरवला, खालची कड वर घेतली, आणि तिथे तारीख घातली. त्यांची ही जुनी सवय. जुन्या नळीतून सूर्य कागदावर उलटा पडतो, म्हणून कागद फिरवून तो सरळ करून घ्यायचा. आचाऱ्याचा हात न बघता मिठाच्या डब्याकडे जातो, तसे ते चालले होते. खालून ओर्सिनाच्या कोंबडीच्या रश्श्याचा वास येत होता, आणि पाद्रे जिन्याकडे निघालेही होते.

३

दुसऱ्या दिवशी मी माझ्या खोलीत सूर्य घेतला. मिरपूड होती. दाणा नव्हता. पाद्र्यांनी कॉलेजातून पाहिले. त्यांनाही दिसला नाही. ते धावतच दुकानात आले. भरपेट माणसाने इतके धावू नये.

"नाही! संपलं! मी सेनेटला कळवतो."

"थांबा," मी म्हटले. "तुमच्याकडून नाही, माझ्याकडून नाही, त्यांच्याकडून आहे. म्हणजे तो सूर्यावर नाही. सूर्य आणि तो मनोरा यांच्या मध्ये काहीतरी आहे."

"मग असेल एखाद्या देवळाचा क्रूस."

"सूर्य दुपारभर सरकतो, पाद्रे. क्रूसही त्याच्याबरोबर सरकतो का?"

पाद्र्यांनी खोकल्याची बाटली पुन्हा हुंगली. मग हसले. "ताद्देओ, तुम्ही साक्षीदार आहात. वकील नाही. तिकडे दुर्लक्ष करा."

मला दुर्लक्ष करता येत नाही. हा माझा गुण आहे. बायकोने याला दुसरे नाव दिले होते. मी वरचेवर मनोऱ्यावर जाऊ लागलो. फोस्की चुकतील तेव्हा आपण समोर असावे, एवढीच इच्छा. पण प्रत्येक खेपेला दाणा मोठा झालेला असे. जिऱ्याचा बडीशेपेएवढा, बडीशेपेचा लवंगेएवढा. आणि लवंगेलाच जसे डोके आणि फाटे असतात, तसे त्याला दिसू लागले. एका टोकाला गाठ, गाठीच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेलेल्या दोन बारीक काड्या. दुसऱ्या टोकाला दुभंगलेला देठ.

दोरीवर वाळत घातलेल्या कागदांवर तो रोज थोडा वर चढत होता.

"चढतोय!" फोस्की म्हणायचे. त्यांच्या शाबूत डोळ्याला पाणी यायचे. "हात वर केलेत, बघा. वर चाललाय. कुणी ज्ञानी पुरुष असावा."

खांबाचा पुरुष कधी झाला, ते मला कळले नाही. गावाला मात्र लगेच कळले. मनोऱ्याखाली बायका गुडघे टेकू लागल्या. एका मेणबत्तीवाल्याने कोपऱ्यावर पाटी मांडली. कार्डिनलने आपला चिटणीस पाठवला. संत स्वर्गात जाताना दिसत असेल तर त्याला अर्पण स्वीकारायला हरकत नव्हती. ज्या माणसाला शुक्र धड दिसला नाही त्याला संत दिसतो, आणि ज्या गावाने शेपटीवरून त्याची टर उडवली ते गाव त्याच्या दाराशी मेणबत्त्या लावते. अशा गावात मी औषधे विकतो. वेडावर औषध नाही म्हणून, नाहीतर आज श्रीमंत असतो.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. दुर्बिणीची नळी दूरच्या वस्तूसाठी आत ढकलायची असते आणि जवळच्या वस्तूसाठी बाहेर ओढायची. फोस्की ती रोज केसभर बाहेर ओढत होते. ओढली नाही तर खांब पुसट होतो, म्हणत. आता खांब रेखीव दिसायचा, आणि सूर्याचीच कड लोकरीसारखी झाली होती.

"तुमचा हात थरथरतोय," मी म्हटले.

"हात माझा थरथरतोय आणि पुसट सूर्य होतोय?" ते म्हणाले. "शाब्बास, औषधवाले."

पहिल्यांदाच त्यांचे बोलणे बरोबर होते आणि माझे नव्हते. मी विषय बदलला.

४

एकदा उतरताना ओर्सिनाने मला जिन्यात अडवले. "गच्चीवर चल. तुला एक दाखवायचंय. म्हाताऱ्याला सांगू नकोस, तो त्यालाही कुणाचं तरी नाव देऊन बसेल."

गच्चीवर कडक ऊन होते. विटांचा चटका जोड्यांतून लागत होता. पश्चिमेच्या बाजूला दोरीवर तिने चादरी घातल्या होत्या.

"हात लाव."

चादर कडकडीत वाळलेली होती. मी हात पुढे सरकवला. मध्येच एका जागी कापड ओले लागले. ओले आणि गार, विहिरीतून काढल्यासारखे. पुढे पुन्हा कोरडे. मी मागे वळून सूर्याकडे पाहिले, डोळ्यांवर हात धरून. मध्ये काही नव्हते. चादरीवर सावलीही नव्हती. ऊन सगळीकडे सारखेच पडले होते.

"आधी रुमालाएवढं होतं," ओर्सिना म्हणाली. "मला वाटलं, मीच नीट पिळत नाही. मग सदऱ्याएवढं झालं. आता चादर घालते तर चादरीतही उभं मावत नाही. मी त्याच्यात उभी राहून पाहिलं, ताद्देओ."

"मग?"

"मग काय मग? ऊन लागत नाही. आणि कुणीतरी आपल्याकडे येताना आपण दार उघडून उभं राहावं, तसं वाटतं."

"जिन्यातून गार वारा येत असेल," मी म्हटले.

"जिना पूर्वेला आहे."

"वारा वळतो."

तिने माझ्याकडे पाहिले, कालव्यात ढकलण्याआधी पाहिले होते तसे. "तू शहाणा आहेस. लहानपणीही होतास. म्हणूनच कुणी तुला खेळायला घेत नव्हतं." मग चादर काढता काढता हळू म्हणाली, "एकच कर. त्याला खोटं पाड. सभेत हसू देत लोक, थुंकू देत. आम्हाला इथून काढा. तो आपण होऊन मनोरा सोडणार नाही, आणि मी त्याला सोडून जाणार नाही."

मी तिला शब्द दिला. शब्द द्यायला माझे काही जात नव्हते. तिला जे हवे तेच मला हवे होते.

मी निघालो तेव्हा माझा डावा हात गार होता. जिन्यातला वारा. खाली चौकात येईपर्यंत तो गारच होता, आणि चौकात भट्टीजवळून जावे तसे ऊन होते.

५

सभेच्या आदल्या दिवशी सूर्य स्वच्छ झाला. पाद्र्यांनी स्वतः मनोऱ्यावर जाऊन पाहिले. मिरपूड होती, खांब नव्हता. आधीच्या कागदावर तो कडेला टेकून अर्धा बाहेर गेलेला होता. आता पूर्ण गेला होता.

विद्यापीठाचे सभागृह गच्च भरले होते. फोस्कींचे सगळे कागद भिंतीवर दोरीला ओळीने टांगले होते. कार्डिनलचा चिटणीस पुढे बसला होता. सभेला यायचे नाही असे ओर्सिनाने ठरवले होते. ती मनोऱ्यात सामान बांधत होती. तिचा माझ्यावर विश्वास होता.

"संत कुठे आहेत, दोत्तोरे?" पाद्र्यांनी विचारले.

"गेले," फोस्की म्हणाले. "वरच्या कडेने गेले. मी म्हटलंच होतं, चढतायत म्हणून."

"म्हणजे दाखवता येत नाहीत. शेपटीसारखेच. धुरासारखेच. माघार घ्या."

"मी आयुष्यात एकदाही माघार घेतलेली नाही!"

"माहीत आहे!" मागून कोणीतरी ओरडले, आणि सगळे सभागृह हसले. मीही हसलो. काही क्षणांचे काम उरले होते. मी मान डोलावली असती तर मनोरा माझा झाला असता.

पण समोर कागद टांगलेले होते, आणि टांगलेला कागद दिसला की मी तो वाचतो. सगळे खांबाकडे पाहत होते, मी मिरपुडीकडे पाहत होतो. सूर्यावरचे डाग डावीकडून येतात आणि उजवीकडे जातात. सदासर्वकाळ. पहिल्या कागदांवर ते तसेच चालले होते. मग एका दिवसापासून पुढे ते उजवीकडून डावीकडे चालू लागले होते. सूर्य मागे फिरत नाही. फिरले होते ते कागद. आणि तो दिवस मी माझे भिंग बसवले तो होता.

खोलगट भिंग सूर्य कागदावर उलटा पाडते. फुगीर भिंग सरळ पाडते. दुर्बीण हाताळणाऱ्या कोणालाही हे माहीत असते, फोस्कींनाही माहीत होते. पण त्यांच्या हाताला माहीत नव्हते. हात रोज कागद अर्धा फिरवत राहिला. माझ्या स्वच्छ भिंगातून सरळ पडलेले चित्र तो रोज उलटे करत होता.

मी गप्प बसायला हवे होते. पण माझ्या दुकानात एखादी बरणी पालथी ठेवली तर मला जेवण जात नाही. मी उभा राहिलो.

"कागद उलटे टांगलेत."

पुन्हा हशा. पाद्र्यांनी डोळे वटारले. मी कारण सांगितले, सावकाश, शाळेत सांगतात तसे, आणि मग भिंतीपाशी जाऊन एकेक कागद दोरीवरून काढून फिरवून लावू लागलो. पहिले दोन-तीन लावेपर्यंत लोक हसत होते. मग हसणे पातळ होत गेले. शेवटचा कागद लावला तेव्हा पुढच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले होते.

तो चढत नव्हता. उतरत होता. हात वर केलेला पुरुष कोणी नव्हताच. दुभंगलेला देठ वर होता, गाठ खाली होती, आणि गाठीच्याही खाली दोन बारीक काड्या पुढे पसरलेल्या होत्या. भिंतीवरून पाल उतरते तसा तो एकेका कागदावरून खाली उतरत आला होता, डोके खाली करून, हात पुढे टाकत. आणि गेला होता तो खालच्या कडेने.

फोस्की कागदांजवळ आले. शाबूत डोळा कागदाला लागेल इतके जवळ गेले. मी पाहत होतो: त्यांच्या बोटांनी हवेतच नळी बाहेर ओढल्यासारखी हालचाल केली, केसभर, मग आणखी केसभर. मग ते वळले.

"मी माघार घेतो," ते म्हणाले.

पाद्र्यांना ऐकू आले नसावे असे वाटले. "काय?"

"सगळं मागे घेतो. शेपटी, धूर, हे. काही नव्हतं. मी म्हातारा आहे, आंधळा आहे, लिहून घ्या काय हवं ते. मनोरा यांना द्या." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात बर्फ होते. "औषधवाले, तुम्ही फार हुशार. मी नेहमीच म्हणत आलो. आजच घ्या मनोरा. आत्ता."

ते मनोऱ्यात वर गेलेच नाहीत. लोक सांगतात, रस्त्यातूनच त्यांनी बहिणीला हाक मारली; ती एक पातेले आणि एक चादर घेऊन उतरली आणि दोघे तसेच वेशीबाहेर पडले. आता बुद्रिओला तिच्या दिराच्या घरी तळमजल्यावर राहतात. फोस्की उन्हात येत नाहीत. ज्याने सगळ्या युरोपला तोंड दिले, तो स्वतःच्या चित्रांना भ्याला. मी त्यांना खोटारडे समजत होतो. तेवढीही त्यांची लायकी नव्हती.

६

मी लगेच मनोऱ्यात आलो. नळी तशीच होती, भिंग माझेच होते. फोस्कींचा कचरा मी खाली नेऊन जाळला. दुपारी झडपा लावल्या आणि सूर्य घेतला.

सूर्य सुरेख पडला होता. नळी आत ढकलून मी त्याची कड धारदार करून घेतली होती. मिरपूड डावीकडून उजवीकडे चालली होती. मी कागद न फिरवता वर तारीख घातली. कोणी हसणारे नव्हते, कोणी लॅटिन विचारणारे नव्हते. पन्नाशीला आलेल्या माणसाला हवी ती खोली मिळाली होती.

झडपांच्या आडव्या फळ्यांत फटी होत्या, आणि प्रत्येक फटीतून उन्हाची एक रेघ जमिनीवर पडली होती. सर्वांत वरच्या फटीची रेघ सर्वांत लांब, मागच्या भिंतीजवळ. काम करताना मला वाटले, ती विझली. मी वळून पाहिले. विझलीच होती.

ढग, मी म्हणालो. पण कागदावरचा सूर्य जसाच्या तसा होता.

मग तिच्या अलीकडची विझली.

कबूतर बसले असेल, मी म्हणालो. बाहेर विटांवर काहीतरी घासत होते. ओली चादर हळूहळू भिंतीवरून ओढावी तसा आवाज. थोडा ओढल्यासारखा, मग थांबल्यासारखा. मी जिवंत माणूस आहे, मला कारणे सुचतात. वारा सुचला. जुने मनोरे उन्हाने तडकतात, तेही सुचले. तिसरी रेघ विझली तेव्हा मी खुर्चीवरून उठलो.

तेवढ्यात खालून हाक आली. पाद्रे अम्ब्रोजो, अभिनंदनाला येतो म्हणाले होते.

"अहो मेस्सेर ताद्देओ! आल्या आल्या गवंडी लावलात की काय? पैसे फार झाले वाटतं! जरा बघा त्याच्याकडे, हा काय वेडा आहे की काय, असं डोकं खाली करून कुणी..."

आणि ते थांबले. माझ्या ओळखीत पाद्र्यांनी वाक्य कधी अर्धे सोडलेले नाही.

"ताद्देओ," ते म्हणाले. मेस्सेर न म्हणता, आणि इतक्या हळू की वर ऐकू येणे शक्य नव्हते. पण आवाज दुसरा कोणताच उरला नव्हता. "ताद्देओ, खिडकी उघडू नका."

जिना मागे होता. दार उघडे होते. मी जाऊ शकलो असतो, फोस्की गेले तसा. एक पातेले घेऊन, बुद्रिओला, तळमजल्यावर. आणि गावाने ते पाहिले असते.

कागदावरचा सूर्य वरच्या कडेने काळा होऊ लागला. त्या काळ्याला रेखीव कड नव्हती. मी पुढे झालो आणि झडपेच्या कडीवर दोन्ही हात ठेवले. उघडण्यासाठी नव्हे. ती आतून धरून ठेवावी लागत होती.